पन्हाळा ते उन्हाळे

गेली अठरा वर्षं मी सहावी-सातवीच्या मुलांना भूगोल शिकवते आहे. शाळा उर्दू माध्यमाची, त्यामुळे ज्वालामुखीला आमच्या वर्गात ‘आतिशफिशां पहाड’ म्हणतात. आग उधळणारा पहाड. शब्दच असा की मागच्या बाकावरची मुलंही सावरून बसतात. मी फळ्यावर एक त्रिकोणी डोंगर काढायची, त्याच्या टोकाला खळगा, खळग्यातून लाल खडूनं आग आणि वर पांढऱ्या खडूनं धूर. भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी म्हणजे अंदमानातलं बॅरन बेट, हे तोंडपाठ करून घ्यायची. आणि तास संपायला पाच मिनिटं उरली की पदरचं एक सांगायची, “आपला सह्याद्रीही अशाच आगीतून झालाय बरं का. आणि ती आग अजून पुरती विझलेली नाही. कोकणात राजापूरजवळ जमिनीतून ऊन पाणी येतं, ते डोंगराच्या पोटात विस्तव शिल्लक आहे म्हणून.”

हे शेवटचं वाक्य कुठल्याही पुस्तकात नव्हतं. ते अब्बांचं होतं.

अब्बा मरहूम एस.टी.त ड्रायव्हर होते. कितीतरी वर्षं त्यांच्याकडे कोल्हापूर-राजापूर गाडी होती आणि अम्मीचं माहेरही राजापूरचंच. मे महिन्यात आम्ही भावंडं अब्बांच्याच गाडीतून आजोळी जायचो. राजापूरपासून जवळच उन्हाळे नावाचं गाव आहे. तिथे दगडी गोमुखातून बारा महिने गरम पाण्याची धार पडते. त्या धारेखाली आम्हाला उभं करून अब्बा सांगायचे, “पोटात विस्तव आहे, म्हणून पाणी तापतं. डोंगर वरून गार, आतून गरम. माझ्यासारखा.” ते मुळीच गरम डोक्याचे नव्हते, ही गोष्ट वेगळी.

अब्बांना जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून अम्मी माझ्याकडे आहे. तिच्या दोन्ही गुडघ्यांनी गेल्या वर्षी अगदीच साथ सोडली. नमाज खुर्चीवर, जिना बंद, रात्री कूस बदलली तरी “या अल्लाह” म्हणून जाग. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून दाखवला: हाडांमधली गादी झिजली आहे, हाडावर हाड घासतंय, आता ऑपरेशन. अम्मीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर जाहीर केलं, “आधी मला उन्हाळ्याला ने. त्या पाण्यानं नाही उतरलं, तर मग काय कापायचं ते कापा.”

मला राग आला आणि खोटं कशाला सांगू, थोडी आशाही वाटली. ऑपरेशनचा खर्च, तिचं वय बहात्तर, भाऊ कुवेतला. खरंच पाण्यानं काही फरक पडला तर? मी बी.एड. झालेली बाई, वर्गात मुलांना दर वस्तूमागचं कारण विचारायला लावणारी, पण गुडघे आपल्या आईचे असले की डोकं वेगळंच चालतं.

डिसेंबरात मुलगी सुट्टीवर आली. ती पुण्यात भूगर्भशास्त्र घेऊन बी.एस्सी. करते आहे, शेवटच्या वर्षाला. जेवताना उन्हाळ्याचा विषय निघाला तेव्हा मी सवयीनं अब्बांचं वाक्य म्हटलं. तिनं घास हातात तसाच धरला.

“मम्मी, हे तू वर्गात सांगत नाहीस ना?”

“अठरा वर्षं सांगते आहे.”

“चूक आहे ते. आणि फळ्यावर त्रिकोणी डोंगर काढतेस, तोही सह्याद्रीला लागू नाही.”

मला ते झोंबलं. माझं चुकलं म्हणून झोंबलं, त्याहून अब्बांचं चुकलं म्हणून जास्त. “तुझ्या नानांनी आयुष्य काढलं त्या घाटांत,” मी म्हटलं. ती वरमली, पण मागे हटली नाही. म्हणाली, “भांडू नकोस. रविवारी आधी पन्हाळ्यावर जाऊ, सूर्य उगवताना. तुझा आतिशफिशां तुला दाखवते. तिथूनच पुढे नानीला घेऊन उन्हाळ्याला.” अम्मी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवत म्हणाली, “मला कुठूनही न्या, पण न्या.”

कोल्हापूरच्या माणसाला पन्हाळा म्हणजे पाहुणे आले की दाखवायची जागा. वर गाडी जाते, झुणका-भाकर मिळते, थंड वारा असतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत शिवरायांच्या आणि मराठ्यांच्या बारा किल्ल्यांमध्ये पन्हाळ्याचंही नाव लागलं, तेव्हापासून गर्दी आणखी वाढली आहे. मराठीची शिक्षिका म्हणून मला मोरोपंतांचा जन्म तिथला एवढं सांगता येतं, आणि तीन दरवाजावरच्या फारसी शिलालेखातले काही शब्द उर्दूच्या जोरावर लागतात. पण पायी मी तो किल्ला कधी चढले नव्हते.

पहाटे पाचला निघालो. बुधवार पेठेत गाडी थांबवून रस्त्याकडेला चादर अंथरली आणि फजर अदा केली, अम्मीनं गाडीतच बसून. मग माझे पती तिला घेऊन गाडीनं वर गेले आणि आम्ही मायलेकी चढायला लागलो. थंडी चांगलीच होती, पण दहा मिनिटांत स्वेटर काढून कमरेला बांधावा लागला. मुलगी पुढे, मी मागे धापा टाकत. ती मधूनच थांबायची. मला वाटायचं माझ्यासाठी थांबली, पण तिचं लक्ष दगडांकडे असायचं.

“हा बघ.” टॉर्चच्या उजेडात काळा कातळ होता. त्यावर बारीक बारीक भोकं होती, घावनावर जाळी पडते तशी. लाव्हातून वायूचे बुडबुडे निघताना तो थिजला, त्या बुडबुड्यांच्या या खुणा. काही भोकांत पांढरे चकचकीत खडे बसले होते. ते नंतर पाण्यातल्या क्षारांनी भरलेले. मी हात लावला. दगड गार होता. आमच्या घरचा पाटा-वरवंटा याच दगडाचा. कोल्हापूरची जुनी देवळं याच दगडाची, आणि रंकाळा तर मुळात या दगडाची खाणच होती असं सांगतात. लहानपणापासून ज्याच्यावर चटणी वाटली तो लाव्हा होता, हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण पहाटे साडेसहाला, दम लागलेला असताना, त्यावर तळवा टेकून ते कळणं निराळं.

वरच्या टप्प्यात दगडाचा रंग बदलला. काळ्याचा तांबडा झाला. हा जांभा. पन्हाळ्याचा माथा जांभ्याचा आहे. हाही मूळचा तोच काळा दगड, पण ऊन-पावसानं लाखो वर्षं झिजून, त्यातलं बाकीचं वाहून जाऊन लोह मागे उरलं, म्हणून तांबडा. कोकणात घरं बांधतात तोच. अम्मीच्या माहेरच्या भिंती डोळ्यांपुढे आल्या.

सज्जाकोठीच्या बाजूला तटाशी पोचलो तेव्हा पूर्वेकडे फिकट केशरी पट्टा उमटला होता. अम्मी शालीत गुरफटून गाडीच्या पुढच्या सीटवर, दार उघडं टाकून, हातात चहाचा कागदी पेला. खाली सगळं धुकं. धुक्यातून समोर जोतिबाचा डोंगर, अलीकडे पावनगड, आणि आम्ही उभे तो पन्हाळा, एवढेच वर आलेले. सात वाजता सूर्याची कड दिसली आणि डोंगरांच्या माथ्यांवर एका रेषेत ऊन पडलं.

“माथे बघ,” मुलगी म्हणाली.

मी बघितले. सपाट. सगळे सपाट आणि जवळजवळ एका उंचीचे. जणू कुणी सुरीनं एका पातळीत कापले आहेत. आयुष्यभर हे डोंगर बघत आले, पण हा प्रश्न माझ्या मनात कधी आला नव्हता, की आपल्याकडे एकही डोंगर माझ्या फळ्यावरच्या डोंगरासारखा का नाही?

तिनं सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. आपल्याकडे आग डोंगराच्या तोंडातून उडाली नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून लाव्हा उतू गेला, दूध उतू जातं तसा, आणि पसरत गेला. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची गोष्ट. एक थर पसरला, थिजला, मध्ये काळ गेला, त्यावर दुसरा. लाखो वर्षं हे चाललं. दुरडीत भाकरीवर भाकरी रचावी तसे थर. आज झिजून उरलेत तेही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर आहेत. इंग्रज भूगर्भशास्त्रज्ञांनी याला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हटलं. ट्रॅप म्हणजे सापळा असं मी समजत होते. तो शब्द स्वीडिश भाषेतल्या पायरी या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. घाटातले डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात, म्हणून. म्हणजे पन्हाळा, पावनगड, जोतिबा हे उंच वाढलेले डोंगर नाहीतच. पूर्वी सगळंच या उंचीचं होतं. पाण्यानं मधली जमीन खाल्ली, तिथे दऱ्या झाल्या, आणि न खाल्लेला तुकडा म्हणजे पन्हाळा.

“मग ती आग कुठे गेली?” हा प्रश्न माझा नव्हे, अम्मीचा. ती गाडीतून सगळं ऐकत होती.

“आग तिथेच आहे नानी, आपण पुढे आलो.” बहुतेक शास्त्रज्ञांचं मत असं की पृथ्वीच्या पोटात खोल एक तप्त जागा आहे आणि आपला भूभाग उत्तरेकडे सरकताना तिच्यावरून गेला. चूल जागच्या जागी, तवा सरकला. ती चूल आज हिंदी महासागरात, इथून चार हजारांहून जास्त किलोमीटरवर, रियुनियन नावाच्या बेटाखाली आहे, आणि तिथला ज्वालामुखी अजूनही मधूनमधून पेटतो. (रियुनियनवर गुजरातेतून गेलेले मुसलमान व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या राहतात, त्यांच्या मशिदी आहेत, हे मी नंतर वाचलं. कोण कुठे जाऊन शेकतो बघा.) आपल्या पायाखालचा लाव्हा मात्र केव्हाच थंड झाला. सहा कोटी वर्षं कुठला विस्तव टिकतो?

अम्मीनं चहाचा पेला माझ्याकडे दिला आणि दार ओढून घेतलं. “चला, उशीर होईल,” एवढंच म्हणाली. मला वाटलं, तिला वाईट वाटलं.

पन्हाळ्यावरून खाली वाघबीळ, मग बांबवडे, मलकापूर, आणि तिथून अणुस्कुरा घाट. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथे थर उघडेच दिसतात. काळा, त्याखाली अरुंद तांबडा पट्टा, खाली पुन्हा काळा. तो तांबडा पट्टा म्हणजे दोन थरांमधल्या काळात तयार झालेली माती, पुढच्या लाव्हाखाली गाडली गेलेली. अम्मी पूर्ण घाटभर डोळे मिटून होती. पाचल, ओणी करत राजापूरला पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. खालाकडे न थांबता तसेच उन्हाळ्याला गेलो, कारण खालाकडे बसलं की जेवल्याशिवाय उठता येत नाही.

शेजारी महालक्ष्मीचं देऊळ, आणि गोमुखातून पडणारी धार. रविवार असूनही ती वेळ रिकामी निघाली. दोन-तीन गावातल्या बायका होत्या. अम्मीला दोघींनी धरून आणताना बघून त्यातली एक वयस्कर बाई आपणहून सरकली आणि म्हणाली, “या, हितं बसा, हितं निसरडं न्हाय.” मी आणि मुलीनं शाल धरली, अम्मीनं साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि पाय पाण्यात सोडले.

शाळेच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर मी रुमालात गुंडाळून आणला होता. पारा चाळिसाच्या थोडा वर गेला. आपण बाळाला न्हाऊ घालतो त्याहून जरा कडक.

हे पाणी मग तापतं कशानं? पावसानं. म्हणजे पाणी पावसाचंच. सह्याद्रीवर पडलेलं पाणी खडकांच्या भेगांतून खोल खोल उतरतं. जमिनीत जसजसं खाली जावं तशी उष्णता वाढते, साधारण एका किलोमीटरला २५ ते ३० अंश. ही पृथ्वीची नेहमीची ऊब आहे, ज्वालामुखी असो-नसो, सगळीकडे असते. खाली तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेतून झटकन वर येतं, थंड व्हायला वेळ न मिळता. कोकणात अशी उन्हाळी एका ओळीत आहेत, पालघरकडून वज्रेश्वरी, उन्हवरे, आरवली, तुरळ करत इथपर्यंत, किनाऱ्याला समांतर. ज्या भेगांतून ही वर येतात, त्यांची ती ओळ. म्हणजे विस्तव नाही. खोली आहे, आणि खाली जाऊन परत वर येण्याची वाट आहे. एवढं साधं कारण, आणि माझ्या वर्गातल्या मुलांना मी त्याऐवजी निखारे दिले.

अम्मी अर्धा तास बसली. तिच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू उतरताना मी पाहिला. हातानं ती गुडघ्यांवर पाणी ओतत होती, वजू करताना ओततात तसं सावकाश. मग अचानक हसली.

“तुझे अब्बा,” ती म्हणाली, “हे विस्तवाचं मला पहिल्यांदा इथेच म्हणाले. निकाहला आठ दिवस झाले होते. मी म्हटलं, विस्तव असता तर पाणी एखाद्या दिवशी जास्त तापलं असतं, एखाद्या दिवशी कमी. आमच्या चुलीवरचं असंच असतं. हे पाणी मी जन्मल्यापासून एकसारखं आहे. ते म्हणाले, तू फार विचार करतेस.” थांबून म्हणाली, “पुढे तुम्हाला सांगायचे तेव्हा माझ्याकडे बघून सांगायचे. मी गप्प बसायची. त्यांना आवडायचं ते सांगायला.”

चौथी शिकलेली माझी आई. मी थर्मामीटर रुमालात गुंडाळून ठेवला.

त्या रात्री खालाकडे अम्मी उठता-बसता कण्हली नाही. मी बिछान्यात पडल्या-पडल्या ऑपरेशनचे पैसे वाचल्याचा हिशोबही करून टाकला होता. पहाटे फजरला ती उठली आणि पहिलं पाऊल टाकताच भिंतीला धरून उभी राहिली. गरम पाण्यानं आखडलेलं सैल होतं, ठणका काही वेळ थांबतो. झिजलेली गादी परत येत नाही. कोल्हापूरच्या वाटेवर तीच म्हणाली, “डॉक्टरला तारीख विचार. मला एकदा पाय बुडवून घ्यायचे होते. ऑपरेशनमध्ये काही झालं असतं, तर राहून गेलं असतं.”

म्हणजे तिला गुडघे बरे व्हायची आशा नव्हतीच. ती माझीच होती.

मंगळवारी सातवीच्या वर्गात मी फळ्यावर त्रिकोणी डोंगर काढला आणि त्यावर फुली मारली. मुलांना भाकऱ्यांची दुरडी सांगितली, पाण्याची वाट सांगितली, पिशवीतून पन्हाळ्याच्या पायथ्याचा जाळीदार दगड काढून सगळ्यांच्या हातात फिरवला. आणि सांगितलं, गेल्या वर्षी सहावीत तुम्हाला विस्तवाचं जे सांगितलं, ते चूक होतं. वर्ग जरा वेळ गप्प राहिला. मास्तरांनी स्वतःचं चुकलं म्हणावं, याची मुलांना सवय नसते, आणि आम्हालाही नसते. मग तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला.

“टीचर, माझ्या आपालाही तुम्हीच शिकवलं होतं. ती आता कॉलेजात आहे. तिला कोण सांगणार?”

मी म्हटलं, तू सांग. पण ते उत्तर पुरेसं नव्हतं, हे तिलाही कळलं आणि मलाही. अठरा वर्षं, दर वर्षी चाळीस-पंचेचाळीस मुलं. कुणी रिक्षा चालवतं, कुणी दुबईला आहे, दोघं-तिघं स्वतः शिक्षक झालेत आणि कदाचित ते माझं वाक्य पुढे सांगत असतील.

जानेवारीत अम्मीच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, अल्हम्दुलिल्लाह व्यवस्थित झालं. आदल्या संध्याकाळी रक्तदाब बघायला आलेली नर्स मला बघून थबकली. “टीचर, ओळखलं का?” ओळखलं होतं. दहा-बारा वर्षांपूर्वीची, दोन वेण्यांची, गणितात कच्ची. तिनं अम्मीच्या दंडाला पट्टा गुंडाळला आणि पंप दाबायला लागली. मी तिला म्हटलं, बेटा, मी तुला सहावीत आतिशफिशां शिकवला होता, त्यात राजापूरच्या पाण्याबद्दल एक चुकीचं सांगितलं होतं. तिनं बोट वर करून मला थांबवलं, आकडा लिहून घेतला, कानातलं काढलं आणि म्हणाली, “आता सांगा.”

मी सांगितलं. अम्मी पलंगावरून ऐकत होती. मध्येच म्हणाली, “एक राहिलं. हिला विचार, टाके सुकल्यावर किती दिवसांनी पाण्यात पाय सोडायला चालतील?”